झेलमनं जम्मूला: ४११०३० ते १८०००१

धाकटी बहीण जम्मूला असते, मेहुणे लष्करात. संक्रांतीनंतर तिच्याकडे आठ दिवस जायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवर पहिल्यांदा विचारलं ते विमानाच्या तिकिटांचं. "दिल्लीला बदला, संध्याकाळी इथं चहाला."

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी रेल्वेनं येईन. विमानात माझा अडकित्ता जातो."

गेल्या वर्षी एका लग्नाला आम्ही विमानानं गेलो होतो. एका विमानतळावर तपासणीत अण्णांच्या पिशवीतला पितळी अडकित्ता निघाला आणि तो तिथंच राहिला. आजीचा होता. तरी अण्णांचा खरा राग वेगळाच. विमानात त्यांना खिडकी मिळाली होती. तासभर ढग बघितल्यावर त्यांनी ट्रे घेऊन आलेल्या मुलीला विचारलं, "आत्ता खाली कुठलं गाव आहे?" ती गोड हसली आणि पाणी देऊन गेली. "म्हणजे तिलाही माहीत नाही," हे वाक्य अण्णा अजून महिन्यातून एकदा तरी म्हणतात.

अण्णांना गाव लागतं, कारण ते आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी चालत्या गाडीत पत्रं वेगळी करण्यात घालवली. बरोबर साठ दिवस आधी सकाळी मी रिझर्व्हेशन उघडताच झेलम एक्स्प्रेसची थ्री टियर एसीची दोन तिकिटं काढली. त्यांना लोअर, मला त्यांच्याच वरचा मिडल. बहिणीला वाटलं, बापलेक दोघंही बिघडलेत.

पहिला दिवस

संध्याकाळचं पुणे स्टेशन. झेलमचा फलाट बघितला की ही फौजींची गाडी आहे हे कुणी सांगावं लागत नाही. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. निरोप द्यायला आलेल्या बायका फार बोलत नाहीत, नुसत्या पिशवीचे बंद पुन्हापुन्हा आवळतात.

आमच्या समोरच्या बर्थवर पिंपरीचं एक शीख जोडपं होतं, लुधियान्याला पुतण्याच्या लग्नाला निघालेलं. साइड लोअरला साताऱ्याकडचा एक जवान, सुट्टी संपवून परत चाललेला. त्यानं ट्रंक सीटखाली अशी काही सरकवली की आमच्या तिन्ही बॅगांनाही जागा झाली. त्या ट्रंकेची मापं त्याला आमच्या बॅगांच्या मापांपेक्षा चांगली माहीत असावीत.

गाडी हलली. अण्णांनी खिशातून छोटी डायरी आणि पेन्सिल काढली आणि वर लिहिलं: ४११०३०. आमच्या सदाशिव पेठेचा पिन. दौंडच्या बाहेर गाडी थोडी रेंगाळली तेव्हा म्हणाले, "४१३८०१." पूर्वी दौंडला गाडीचं तोंड फिरायचं, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागायचं, तेवढ्यात चहा व्हायचा. आता बाहेरच्या बाहेर वळणाची लाइन झाली आहे, चहा गेला.

मग नगर, ४१४००१. नगरचं अहिल्यानगर झालं, पिन तोच राहिला. याचं अण्णांना समाधान वाटतं. गावाची नावं बदलतात, स्टेशनांची बदलतात. खण बदलत नाही.

खण म्हणजे काय, ते समोरच्या सरदारजींनी विचारलं आणि झालं. पुढचा अर्धा तास अण्णांचा. मेलच्या डब्यात एका अंगाला भिंतभर लाकडी खण, पारव्यांच्या खुराड्यासारखे. गाडी हलतेय, वर पिवळा दिवा, हातात पत्रांचा गठ्ठा. डाव्या अंगठ्यानं पत्र पुढे सरकवायचं, पत्ता वाचायचा, उजव्या हातानं खणात टाकायचं. खणाकडे बघायचं नाही. बघितलं तर हात मंदावतो. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या स्टेशनची थैली बांधून, लेबल लावून, लाखेची मोहर मारून तयार हवी. डब्याला बाहेरून पत्रपेटीचं तोंडही असायचं. ऐन वेळी धावत आलेला माणूस जादा लेट फीचं तिकीट लावून गाडीतच पत्र टाकू शकायचा.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तोपर्यंत कुठलं गाव कुठल्या लाइनवर, हे सॉर्टरनं पाठच करायचं. आणि एकाच नावाची गावं किती! पिनची ही सहा अंकी मांडणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारा माणूस. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्टाचे. अण्णा वेलणकरांचं नाव घेतात तेव्हा घरातले वडीलधारे कुलदैवताचं घेतात तसं घेतात.

सरदारजींनी परीक्षा घेतली. "लुधियाना?"

"१४१००१." आणि बोलताना अण्णांचा उजवा हात मनगटातून झटकन वर गेला, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात. तिथं फक्त चार्जिंगचा पॉइंट होता. चाळीस वर्षं होऊन गेली, खण नाहीत, हात अजून जातो.

जवान हळूच म्हणाला, "आमचा ९ नं सुरू होतो, काका."

"५६ एपीओ," अण्णा म्हणाले. "लष्कराचं पोस्ट. त्या थैलीला गाव नसायचं. आम्ही विचारायचो पण नाही."

जेवणं उघडली. आमच्याकडे दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. सरदारनींकडे पराठे आणि डबाभर पिन्नी, कणीक तुपात भाजून गुळात वळलेले लाडू. मी बहिणीसाठी नेत असलेला तिळगुळाचा डबा फोडला. थंडीत तूप-गूळ घालून लाडू वळायचे, ही बुद्धी दोन्ही प्रांतांना आपापली सुचलेली दिसते. पिन्नी जास्त चांगली होती, हे मी बहिणीला सांगणार नाही.

दहा वाजता मधला बर्थ उघडला. मी वर. मनमाडच्या आधी सांध्यांवर चाकं खडखडायला लागली आणि खालून अंधारात आवाज आला, "४२३१०४."

रात्र

भुसावळला जाग आली तेव्हा खालचा बर्थ रिकामा. पोटात गोळा. शाल गुंडाळून उतरले तर अण्णा फलाटावर, मफलर बांधून, हातात दोन कागदी कप. एक माझा. मी येणार हे यांनी धरूनच ठेवलं होतं.

भुसावळ ते इटारसी हा त्यांचा सेक्शन. पाच जणांचा सेट, रात्रभर काम, इटारसीला उतरायचं, दिवसभर रेस्ट हाऊसमध्ये झोपायचं, रात्री परत. म्हणजे हा सगळा मुलूख त्यांना पाठ आहे, पण बघितलेला नाही. जाळीच्या खिडकीतून दिसायचे ते फक्त फलाटावरचे दिवे.

गाडी सुटली, तापीचा पूल धडधडला, आणि आम्ही दोघं दाराशी, बंद दाराच्या काचेला नाक लावून. "दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा, बऱ्हाणपूर." दुसखेड्यापासून रावेरपर्यंत केळी, केळी आणि केळी, अंधारात नुसती काळी भिंत. मी विचारलं, रात्री काही दिसत नसताना स्टेशन कसं कळायचं?

"रावेरला केळ्यांच्या पाल्याचा ओला वास. नेपानगरला कागदाच्या कारखान्याचा." मग जरा थांबून: "आणि सेटमधला एक जण बरोबर खंडव्याला घोरायला लागायचा."

एसीच्या डब्यात बाहेरचा वास येत नाही. ही या डब्याची खोट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली.

दुसरा दिवस

इटारसी उजाडताना. ४६११११. चार एकांची ही रांग अण्णांना फार आवडते. समोसे घेतले, पुडीत हिरवी मिरची तळून टाकलेली. अण्णा रेस्ट हाऊसची दिशा शोधत होते, बांधकामं उठल्यामुळे सापडेना.

पण खरी गंमत पुढे. इटारसीच्या पुढचं त्यांना काहीच ठाऊक नाही. नोकरीत इथंच उतरायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपल्या सेक्शनच्या बाहेर पडला. खिडकीत इतका पुढे सरकून बसला की काचेवर श्वासाचा गोल उमटला.

वीस मिनिटांत नर्मदा. सूर्य नुकता वर आलेला, पाण्यावरून वाफ निघत होती, घाटावर अंघोळीची माणसं मुंग्यांएवढी. सरदारनींनी पर्समधून नाणं काढलं, मग खिडकी उघडत नाही हे लक्षात येऊन तसंच मुठीत धरून कपाळाला लावलं आणि परत पर्समध्ये टाकलं. "वापसी में," म्हणाल्या. अण्णा "नर्मदे हर" म्हणाले आणि डायरीत नदी लिहिली. भीमा आणि गोदावरी त्यांनी काल अंधारात लिहिल्या होत्या, तापी पहाटे.

बुधनीच्या पुढे घाट, साग, गाडीचा वेग उतरलेला. एका वळणावर खिडकीतून आमचंच इंजिन दिसलं. विमानात बसून विमान कधी दिसत नाही.

भोपाळला पोहे. सांचीच्या टेकडीवरचा स्तूप झाडांच्या वर क्षणभर दिसला, आणि मग विदिशा. इथं जवान अचानक बोलता झाला. "काका, हेच ना भेलसा?"

हेच. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे भाऊंच्या कुमकेला उत्तरेत निघाले होते, ते इथं, भेलशाला असताना त्यांना सावकाराचं ते पत्र मिळालं. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं, पण ते कुठल्या गावात वाचलं गेलं हे मला माहीत नव्हतं. बाहेर साधं स्टेशन, एक माणूस कांबळं पांघरून हरभऱ्याचा टहाळा विकत बसलेला.

अण्णांनी मात्र त्यात टपालच बघितलं. "लढाई १४ जानेवारीची. पत्र २४ ला पोचलं. दहा दिवस." बोटं मोडून हिशोब झाला. "घोड्यावर, थंडीत, मधे शत्रूचा मुलूख. सावकाराची डाक म्हणून पोचली."

आमची तारीख होती २२ जानेवारी. पानिपत रात्री येणार होतं.

बीना गेल्यावर अण्णा वैतागले. मध्य प्रदेशचे ४ चे पिन नीट चालले होते, त्यात ललितपूर आलं: २८४४०३. उत्तर प्रदेश. झाशी, २८४००१. पुन्हा दतिया, ४७५६६१. नकाशात उत्तर प्रदेशाचं एक बोट खाली मध्य प्रदेशात शिरलेलं आहे आणि लाइन त्या बोटावरून जाते. "सॉर्टिंग बिघडवलंन," म्हणाले, जणू त्यांचाच खण कुणी विस्कटला. झाशीला मराठी प्रवासी जरा सावरून बसतो, पण आम्ही त्या वेळी पिनवर वाद घालण्यात गुंतलेलो. सोनागीरच्या टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र जैन मंदिरांनी तो वाद मिटवला. दुपारच्या उन्हात ती टेकडी मीठ सांडल्यासारखी दिसते.

दुपारी डब्यात जो आळस येतो त्याबद्दल थोडं. विमानात मी नेहमी ताठ असते. बेल्ट, घोषणा, शेजाऱ्याचा कोपर, सतत काहीतरी संपायची वाट. गाडीत ग्वाल्हेरच्या आधी दीड तास मी काहीही केलं नाही. फोनला रेंज येत-जात होती, ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज अर्धे येऊन अडकत होते, आणि मला दोष देता येईल असं त्यात काही नव्हतं. सरदारनी वाटाणे सोलत होत्या. हो, वाटाणे, झाशीला दोन किलो घेतले होते, लग्नघरी लागतील म्हणून. मीही सोलायला बसले. ग्वाल्हेरचा किल्ला लांबलचक जहाजासारखा येऊन गेला, महादजी शिंद्यांबद्दल कुणीतरी दोन वाक्यं बोललं, आणि टरफलांचा ढीग वाढत राहिला.

मुरैना, ४७६००१. अण्णांनी मला खूण केली. मघापासून ते डायरीत काहीतरी जुळवत होते. "आता बघ. लक्ष ठेव."

दोन्ही बाजूंची जमीन फाटायला लागली. चंबळच्या घळी. पुस्तकात वाचून मला खडक वाटले होते. ती माती आहे, पिवळी, पावसानं कोरलेली, एकीत एक शिरलेल्या शेकडो घळी. मग पूल, खाली निळी, स्वच्छ, अनपेक्षित शांत नदी. नदीच्या या काठाला मध्य प्रदेश, त्या काठाला राजस्थान.

"संपला ४," अण्णा म्हणाले. धौलपूर आलं: ३२८००१.

तासाभरात आग्रा: २८२००१.

मथुरा २८१ मध्ये गेली, तोवर अंधार. मग होडल, हरियाना, १२११०६.

"चार, तीन, दोन, एक!" सरदारजींनी टाळी दिली. पुण्याहून निघालेली गाडी एका संध्याकाळी ४ वरून उतरत १ ला पोचते. मुद्दाम केल्यासारखं. वेलणकरांनी झेलमसाठी पिन आखले नव्हते हे मलाही कळतं, पण त्या वेळी डब्यात तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आग्र्याला पेठा घेताना मला बऱ्हाणपूर आठवलं. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपूरला गेली, चौदाव्या बाळंतपणात. आधी तिथंच दफन केलं, मग वर्षाअखेरीस तिला आग्र्याला नेलं. त्याच वाटेनं आम्ही पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आलो होतो, मधे समोसे, पोहे, वाटाणे करत. ताज गाडीतून दिसला नाही.

दिल्लीत अर्धा डबा रिकामा झाला आणि तेवढाच भरला. ११०००१. पानिपत येईपर्यंत जागायचं मी आणि जवानानं ठरवलं होतं. धुकं उतरलं होतं. काचेबाहेर कापूस कोंबल्यासारखा पांढरा अंधार. मधेच चाकांखाली धाडकन आवाज झाला, मी दचकले. अण्णा झोपेतून म्हणाले, "फटाका." धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे रुळावर फटाके बांधून ठेवतात. चाक वरून गेलं की आवाज होतो, ड्रायव्हर सावध होतो. इतक्या थंडीत कुणीतरी माणूस कंदील घेऊन ते बांधायला रुळावर गेला होता.

पानिपत कधी गेलं कळलंच नाही. पिवळ्या दिव्याचा एक डाग आला, तेच असावं. जवान उठून उभा राहिला होता. बोललं कुणी नाही.

तिसरा दिवस

लुधियान्याला सरदारजी उतरले तेव्हा मी झोपेत. जागी झाले तर उशाशी पिन्नीचा डबा, चिकटवलेल्या कागदावर गुरुमुखीत काहीतरी. वाचता आलं नाही. डबा परत पाठवायला पत्ता घ्यायचा राहिला.

सतलजही झोपेत गेली. अण्णांनी लिहून ठेवली होती. जालंधर १४४००१. धुक्यातून हळूहळू मोहरीची शेतं सुटी होत गेली, आधी नुसता पिवळा रंग, मग कडेचे सफेदे, मग ट्यूबवेलची खोली. गाडी थांबत-थांबत चालली होती. बहीण दर वीस मिनिटांनी फोन करत होती. तिला वाटत होतं आम्ही अडकलोय. आम्ही पिन्नी खात होतो.

बियास. मग पठाणकोट, १४५००१, तिथं जवान उतरला. ट्रंक खांद्यावर घेतली, अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला पोस्टकार्डांची एक छोटी गड्डी दिली, स्वतःच्या पत्त्याची. "तुझ्या पत्त्याला गाव नाही, माझ्याला आहे."

शेवटची रावी. उत्तरेला धुक्याच्या वर बर्फाची एक ओळ दिसली आणि मी चक्क ओरडले. कठुआ, सांबा, जम्मू तवी. चाळीस तासांचे पंचेचाळीस झालेले. डायरीत नद्यांची ओळ होती: भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा, चंबळ, सतलज, बियास, रावी. झेलम त्यात नाही. जिच्या नावानं गाडी धावते ती नदी गाडीला लागतच नाही. ती पलीकडे, डोंगर ओलांडून श्रीनगरातून वाहते.

बहीण फलाटावर रडवेली. अण्णांनी तिला आधी पोस्टाची पेटी कुठं आहे ते विचारलं. स्टेशनच्या बाहेर लाल पेटी होती. पन्नास पैशांच्या कार्डावर त्यांनी आमच्याच पुण्याच्या घरचा पत्ता घातला होता. मजकुराच्या जागी त्या आठ नद्या.

परतीचा दिवस

येताना विमान, माझी रजा संपल्यामुळे. अण्णा तयार झाले; या वेळी सुपारी घरून कातरून आणली होती. दिल्लीला बदललं, संध्याकाळी घरी. याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही. खिडकीतून अण्णांनी एकदाच खाली बघितलं, एक वळणदार नदी चमकत होती. "चंबळ," म्हणाले. असेल किंवा नसेल. मी मान डोलावली.

कार्ड आम्ही आल्यावर तिसऱ्या दिवशी आलं. अण्णांनी मजकूर बघितला नाही. भिंग आणून आधी शिक्का उजेडात धरला. जम्मूचा अर्धवट उठलेला, तारीख मात्र स्पष्ट. बोटं मोडली. मग खाली उतरू लागलेल्या पोस्टमनला जिन्यावरून हाक मारली आणि डब्यातली उरलेली शेवटची पिन्नी त्याच्या हातावर ठेवली.